पिन एकाच पदराला

रोजच्या वहीत मी एका दिवसाला एक पान देते. आज मात्र दिनकरकाका चार-पाच पानं खाणार, आणि उद्या-परवाची जागाही त्यातच जाणार. जाऊ दे! सकाळी देवापुढे हात जोडून जे मागितलं ते दुपारी डोळ्यांनी पाहिलं. ते नीट लिहून ठेवायला नको?

दिनकरकाका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या मयुरेशचे वडील. मयुरेश इथे इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात आहे, त्याची बायको शमिका एका सप्लायरकडे. दोघं सकाळी सातला गाडी काढतात ते संध्याकाळीच उगवतात. काका मे महिन्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. वय सदुसष्ट, उंची बेताची, पाठ अशी ताठ की आमच्या लिफ्टमध्येसुद्धा सावधानमध्ये उभे राहतात. दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये एकतीस वर्षं बॅगपाइप वाजवून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते बॅगपाइप म्हणत नाहीत, मशक म्हणतात. येताना ती मशक धोतरात गुंडाळून सुटकेसमधून आणली. विमानतळावर उघडायला लावली तेव्हा काकांनी तिथेच फुंकून दाखवली, हे मयुरेश अजून कपाळावर हात मारून सांगतो.

घरात वाजवायची सोय नव्हती. दुसऱ्याच दिवशी जिन्यात चिठ्ठी लागली: ‘हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे इमारतीच्या नियमांप्रमाणे, दुपारी एक ते तीन शांतता पाळावी.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, ‘आणि इतर वेळीही.’ मी वाचून अर्थ सांगितला तर काका खो-खो हसले. "बरोबर आहे हो सुधाताई. मशक ही घरात वाजवायची वस्तूच नाही. तिला मैदान लागतं."

मग रोज बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि मक्याच्या शेताच्या कडेला उभं राहून वाजवायचं, असा त्यांचा नेम सुरू झाला. तिथेच जूनमध्ये एक बाई सायकलवरून जाता जाता थांबल्या. पांढरी वेणी, साठीच्या पुढच्या. काकांची अख्खी धून संपेपर्यंत त्या सायकलचं हँडल धरून उभ्या होत्या. मग खिशातून कागद काढून त्यावर वार, वेळ आणि पत्ता लिहिला, तो काकांच्या हातात दिला आणि निघून गेल्या. काकांनी कागद माझ्याकडे आणला. "ताई, हा दंड आहे की काय बघा बरं."

दंड कसला! त्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लेख्नर. इथल्या एका हौशी पाइप बँडच्या प्रमुख. मंगळवारी संध्याकाळी सातला सरावाला या, असं लिहिलं होतं.

तेव्हापासून एक मंगळवार चुकला नाही. भाषेची अडचण काकांना कधी वाटलीच नाही. "जा" म्हणजे हो आणि "गेनाऊ" म्हणजे अगदी बरोबर, ह्या दोन शब्दांवर त्यांनी दोन महिने काढले. "बँडमध्ये बोलतं कोण, ताई? बोलणारा श्वास चुकतो."

आज डोनाऊ नदीच्या काठावर बँडचा मेळावा होता. बावीस बँड. परीक्षक दोन, एक फक्त ऐकणारा आणि दुसरा फक्त पोशाख बघणारा. फ्राऊ लेख्नरांच्या एका वादकाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून एक जागा रिकामी होती, ती त्यांनी काकांना दिली. पण अट एकच. पोशाखात ज्याची एक वस्तू चुकेल तो दोरीच्या बाहेर, बघ्यांत. मग तो कितीही सुरेख वाजवू दे.

आणि बुधवारी काकांचं विमान. म्हणजे आज नाही तर नाहीच.

मी म्हटलं, "काका, इतकं काय त्यात? शेतात वाजवताच की रोज."

काका म्हणाले, "नऊ वर्षं झाली रिटायर होऊन. नऊ वर्षांत एकदाही रांगेत उभं राहून वाजवलं नाही. एकट्यानं वाजवणं म्हणजे रिकाम्या देवळात एकट्यानं आरती म्हणणं. देव ऐकतो, नाही असं नाही. पण टाळ्या कोण वाजवणार?"

मी कालपासूनच मनात जप धरला.

मयुरेशला मात्र हे पटलं नव्हतं. पाइप बँडचा पोशाख म्हणजे किल्ट, स्कॉटलंडकडचा पुरुषांचा चौकडीचा घागरा. "बाबा, वाजवा ना, कोण नाही म्हणतंय? पण स्कर्ट घालून? माझ्या डिपार्टमेंटची निम्मी माणसं तिथे बिअर प्यायला असणार!"

"तुझे साहेब चामड्याच्या अर्ध्या चड्डीत बिअर पितात, त्यांचे गुडघे चालतात. माझे चालत नाहीत?"

शमिकाच्या तोंडातला चहा ठसक्यानं बाहेर आला. मयुरेश म्हणाला, "मी येणार नाही." काका म्हणाले, "नको येऊस. पास काढावा लागत नाही, तेव्हा परतही करावा लागणार नाही."

काल शनिवारी पोशाखाचं खोकं आलं. बरोबर फ्राऊ लेख्नरांचा दोन पानी कागद, कोणती वस्तू कुठे लावायची त्याचा. मी वाचत होते, काका दिवाणखान्याच्या मधोमध उभे, शमिका सोफ्यावर पाय वर घेऊन. पहिल्याच ओळीला गंमत झाली. काकांनी किल्ट गुंडाळून निऱ्या पुढे घेतल्या होत्या! मी वाचलं, "निऱ्या मागे. पुढे सपाट भाग."

"मागे? निऱ्या मागे कशा असतील?"

"इथे तसंच लिहिलंय, काका."

"बरं झालं वाचलंत. नाही तर उद्या अख्खा बँड माझ्या उलट्या दिशेनं चालला असता."

मग एकेक वस्तू. पट्ट्याचं बक्कल बरोबर बेंबीच्या रेषेत. त्याच्या खाली तीन बोटं जागा सोडून समोर चामड्याची झालर लावलेली थैली. ह्या पोशाखाला खिसा नसतो, म्हणून ही थैली. शमिकानं विचारलं, "तीन बोटं कुणाची?" काका म्हणाले, "हवालदाराची," आणि स्वतःची तीन बोटं आडवी लावून थैलीची साखळी एक कडी आखडली. मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं. मोज्यांच्या दुमडीखालून बाहेरच्या बाजूला लाल फितीची दोन टोकं दिसायची, आतल्या बाजूला नाही की पुढेही नाही. टोपीचा बिल्ला डावीकडे. उजव्या मोज्यात छोट्या सुरीची मूठ, नुसती लाकडी मूठ, खाली पातं नाही, कारण मेळाव्यात सुरी न्यायला बंदी आहे. काकांनी समाधानानं मान हलवली. "कायदा कायदा आहे."

राहता राहिली पिन. वीतभराला थोडी कमी, छोट्या तलवारीच्या आकाराची, चांगली जड. किल्टचा पुढचा भाग दोन पदरी असतो, एक पदर आत आणि त्यावर दुसरा. पिन उजवीकडे खाली लावायची, खालच्या काठापासून चार बोटं वर, कडेपासून दोन बोटं आत. आणि कागदावर त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं: फक्त वरच्या पदराला.

मी ते वाचून दाखवलं. देवाशपथ वाचलं. पण काका म्हणाले, "छे! एका पदराला पिन लावून ती बांधणार काय? ताई, एकतीस वर्षं परेड केली. दौंडला खांद्यावरची शाल आम्ही आतून कोटाला पक्की टाचायचो. संचलनात काही फडफडलं तर गणवेशाच्या टर्नआउटला शून्य. आणि उद्या नदीकाठचा वारा. हा वरचा पदर उडाला म्हणजे?"

खरं सांगायचं तर मलाही तेच पटलं. साडीला पिन लावताना कुठली बाई एकच पदर टोचते? मी माझ्या बांगडीला अडकवलेल्या तीन सेफ्टीपिनाही काढून दिल्या. तलवार दोन्ही पदरांतून, आणि तीन पिना आतून, दिसणार नाहीत अशा. काका चार पावलं चालून आले. काही हललं नाही. "आता वादळ येऊ दे!"

आज सकाळी निघताना मी त्या तलवारीला हळदकुंकू लावलं. चामड्याची थैली देवाजवळ नको म्हणून ती चपलांच्या कपाटावर ठेवली होती. शमिकाला थोडा ताप होता, ती घरी राहिली. मयुरेश पेपर वाचत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. मी आणि काका बसनं गेलो. काका किल्टमध्ये बसमध्ये बसलेच नाहीत, दांडा धरून उभे. म्हणाले, इस्त्री मोडेल.

कपडे बदलायला एका शाळेची व्यायामशाळा दिली होती. सव्वा वाजता फ्राऊ लेख्नरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. ह्यांच्या बँडची वेळ दोनची. त्या एकेकापुढे थांबून टोपीपासून बुटांपर्यंत बघत येत होत्या. मग स्वतः टेकून दाखवत सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं, कारण गुडघे टेकल्यावर किल्टचा काठ जमिनीला जेमतेम लागला पाहिजे, ही त्यांची मोजणी. बाकीचे हळूहळू टेकले. काका पोलीस! हुकूम कानावर पडला की शरीर खाली.

टर्रर्र.

अख्ख्या व्यायामशाळेत ऐकू गेलं. काका उभे राहिले तेव्हा पुढच्या पदरावर पेरभर फाटलेलं, काटकोनात, आणि आतून माझ्या पिना चमकताहेत. फ्राऊ लेख्नरांनी वाकून तलवार आणि त्या पिना एकेक करून काढल्या. मोजल्या. "फीअर!" चार! त्या ओरडल्या नाहीत, त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. मला म्हणाल्या, ह्यांना सांगा, बँडमध्ये ह्यांच्याइतका स्वच्छ सूर दुसऱ्या कोणाचा नाही. पण जादा किल्ट माझ्याकडे नाही, रविवार आहे, दुकान उघडं नाही, आणि फाटका पोशाख मी रांगेत घेणार नाही.

मी सांगितलं. "काका, पिना माझ्या होत्या. मी त्यांना तसं सांगू का?"

"मुळीच नाही. अंगावर कोणाच्या होत्या? माझ्या. बाई बरोबर बोलतेय. मी तिच्या जागी असतो तर मीही बाहेर काढलं असतं." मग खाली वाकून त्यांनी फाटलेल्या जागी बोट फिरवलं, पदर उलटा करून आतली शिवण बघितली, आणि एकदम त्यांचा चेहराच बदलला. "तिला विचारा, पोशाख दोनला पाच कमी असताना नीट असला तर चालेल का?"

फ्राऊ लेख्नरांनी घड्याळ बघितलं. "आल्झो..." म्हणजे बरं तर. "एक पंचावन्न. त्यानंतर नाही."

"सुई मिळेल का?"

बँडच्या पेटीत सुई होती. दोरा होता तो काळा आणि पांढरा. काका म्हणाले, "दोरा नको. दोरा कापडातच आहे." आतल्या शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडलेलं होतं, तिथलेच धागे उसवून काढायचे. आमच्याकडचे रफूवाले असंच करतात, हे मला ठाऊक होतं. पण काका? "अहो, बँडचा गणवेश वर्षाला एक मिळायचा. फाटला की दुसरा कुठून आणणार? सगळी बराक माझ्याकडे यायची."

आता पंचाईत अशी, की किल्ट अंगावरून उतरवल्याशिवाय रफू होणार नाही, आणि उतरवल्यावर काका नेसणार काय? परतीसाठी आणलेली पँट बँडच्या सामानाबरोबर गाडीत गेलेली. काका खांबाच्या आड उभे, मी दुसरीकडे तोंड करून उभी. तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा? तुम्ही इथे काय करताय?"

मयुरेश! हातात रेनकोट घेऊन आलेला. म्हणाला, पाऊस येणार असं मोबाइलवर दाखवत होतं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आधी तो कोट दे," काका म्हणाले. कोट कमरेला गुंडाळून ते बाकावर बसले आणि पदर मांडीवर पसरला. "आता हे धर. घट्ट नको. ताणू नकोस रे, कापड झोपलेलं राहू दे."

मयुरेशनं दोन्ही हातांच्या चार बोटांत ते कापड असं धरलं, जसा मंगळागौरीचा पाट धरावा. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हिरवा धागा ओवला. "दोन वर, दोन खाली. पुढच्या ओळीला एक घर सरकायचं. ह्या कापडाची वीण तिरपी आहे, बघ." सुई पळत होती, मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात माळ ओढत होते. हिरवं झालं. निळं झालं. मग आली पिवळी रेघ, नखाएवढी, आणि फाटलेलं नेमकं तिच्यावरून गेलेलं. पिवळा धागा आतून एकच निघाला, आखूड.

"पुरेल का?" मयुरेशनं कुजबुजत विचारलं.

"तू बोललास तर नाही पुरणार."

पुरला! कसा पुरला ते त्या नारायणाला माहीत. पण रफूवर सुरकुती राहिली होती आणि इस्त्री कुठून आणायची? काका म्हणाले, "ताई, थर्मासात चहा आहे ना? आणि स्टीलचा पेला?" कढत चहा पेल्यात ओतला, रुमाल ओला करून कापडावर ठेवला आणि त्यावरून पेल्याचं बूड फिरवलं. लहानपणी आम्ही तांब्यात निखारे घालून अशीच इस्त्री करायचो! तो चहा मग मयुरेशनं पिऊन टाकला.

एक त्रेपन्न. काका अंगावर सगळं चढवून रांगेच्या टोकाला सावधान. फ्राऊ लेख्नर आल्या, वाकल्या, चष्मा वर केला. त्यांनी पदर उजेडाकडे धरला, बोट फिरवलं, उलटा करून पाहिला. "वो?" कुठे?

काकांनी बोट ठेवलं. बाईंनी तिथे पुन्हा नख फिरवलं आणि जीभ टाळूला लावून असा आवाज काढला, जसा आपण हापूसचा पहिला घास घेतल्यावर काढतो. मग त्यांनी तलवार स्वतःच्या हातात घेतली, काठापासून चार बोटं मोजली आणि फक्त वरच्या पदराला लावली. पदर लगेच खाली ओढला गेला आणि सरळ पडला. त्या मला म्हणाल्या, ह्यांना समजावा, ही पिन बांधायला नाही, वजनाला आहे.

मी सांगितलं. काका बघत राहिले. "वजनाला! असं होय? मग कागदावर तसं लिहायला काय झालं होतं?" आणि तरीही काळजी जाईना. "विचारा, उडालाच तर?"

फ्राऊ लेख्नर म्हणाल्या, "मग सरळ चालायचं."

सगळे हसले. त्या पुढच्या माणसाकडे वळल्या, आणि मला दिसलं, काका त्यांच्या पायांकडे बघताहेत. मीही बघितलं. त्यांच्या स्वतःच्या डाव्या मोज्याची लाल फीत फिरून पार पुढे आली होती! गुडघे टेकून दाखवताना सरकली असणार. काकांच्या मानेची शीर ताठ झाली. एकतीस वर्षांत वरच्या अधिकाऱ्याला ‘साहेब, तुमचं चुकलं’ असं म्हणालेला माणूस नव्हे हा. आणि आत्ताच ज्याला बाहेर काढता काढता आत घेतलं, त्यानं बोलावं?

मयुरेशलाही ते दिसलं. "बाबा, राहू द्या," तो हळूच म्हणाला.

"राहू कसं देऊ? परीक्षक गुण कापेल ते सगळ्या बँडचे कापेल." काकांनी एक पाऊल पुढे टाकलं. खाडकन बूट वाजला. "फ्राऊ लेख्नर!" त्यांनी बोट खाली दाखवलं, मग स्वतःच्या पायाची बाहेरची बाजू दाखवली. "हिअर... नॉट गेनाऊ."

बाईंनी खाली बघितलं. गोऱ्या बाई त्या, कानापर्यंत लाल झाल्या. वाकून फीत बाहेरच्या बाजूला नेली, तीन बोटं लावून तपासली. मग सरळ उभ्या राहून काकांना म्हणाल्या, "फोर्न, रेख्ट्स."

पुढे, उजवीकडे! पहिल्या रांगेचं उजवं टोक! पोशाखाचा परीक्षक तिथूनच बघतो. मी अर्थ सांगितला तर काका म्हणाले, "कळलं, ताई," आणि तोपर्यंत जाऊन उभेही राहिले होते.

काय सांगू पुढचं! काठावर माणसंच माणसं, नदीचा वारा भणभणतोय. ढोलावर पहिली काठी पडली आणि पंधरा मशकी एकदम जाग्या झाल्या. तो आवाज छातीत शिरतो, कानात नाही. काकांचे गाल फुगलेले, नजर समोर, आणि पावलं अशी, की बाकीची रांग त्यांच्याकडे बघून चालतेय असं मला वाटलं. वळणावर वाऱ्याचा झोत आला. सगळ्यांचे पदर उचलले गेले, काकांचाही, आणि ती कुंकू लागलेली तलवार त्याला पुन्हा खाली घेऊन आली. काकांच्या सुरात केसभरही फरक नाही!

मयुरेश दोरीच्या बाहेरून बँडबरोबर चालत होता, नाही, पळत होता, लोकांच्या बिअरना धक्के देत. एकदा त्याला चामड्याच्या चड्डीतल्या एका उंच माणसानं अडवलं, त्याचे साहेबच ते. पुढच्या रांगेकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ते स्कॉटलंडहून आलेत?"

"नाही," मयुरेश म्हणाला. "दौंडहून."

साहेबांनी मोठ्या आदरानं मान डोलावली.

पुलाजवळ बँड थांबला. शेवटचा सूर सगळ्यांचा एका जागी तुटला, जसा सुरीनं कापावा. काका घामानं निथळत होते. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे झाले, तेवढ्यात मेळाव्याचा एक माणूस धावत फ्राऊ लेख्नरांकडे आला. पुढच्या बँडची बस हायवेवर श्टाऊमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या कोंडीत, अडकली आहे, वीस मिनिटं कोणीच नाही, तुम्ही पुन्हा एक फेरी माराल का?

मी काकांना सांगितलं. त्यांनी बाटली न उघडता माझ्या हातात परत दिली, बक्कलाखाली तीन बोटं लावून बघितली, आणि मशक काखेत घेतली.